सुचत नाहीये? उलटा पत्ता बघा!

तर शिरूर-दौंडकर मंडळी, आज टॅरो. पण भविष्य नाही हं! पंधराव्या शतकात इटलीत हे साधे खेळायचे पत्ते होते; भविष्य नंतर चिकटलं. पत्ते 78. आजची प्रसिद्ध चित्रं 1909 ची, पामेला कोलमन स्मिथ यांनी काढलेली.

त्यातला बारावा पत्ता बघा. माणूस एका पायावर उलटा टांगलेला, चेहरा मात्र शांत. पुण्याहून नगरकडे जाणाऱ्या गाडीचं इंजिन दौंडला काढून मागच्या टोकाला लावायचे, आठवतंय? डबे तेच, फक्त शेवटचा पहिला व्हायचा. तुमची कथा, गाणं, रील जिथं अडलंय, तिथं हेच करा. दहा मिनिटांचा टायमर लावा, शेवट आधी लिहा.

आणि पैसे घेऊन ‘क्रिएटिव्ह ब्लॉक काढून देतो’ म्हणणारा भेटला, तर त्यालाच ब्लॉक करा!