मूर्खपणा आणि तात्पर्य : एका श्वानद्वयाच्या निमित्ताने

अमेरिकेत १९९३ ते १९९५ या काळात दाखविल्या गेलेल्या ‘टू स्टुपिड डॉग्ज’ या व्यंगचित्रमालिकेचा भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने विचार करावा, ही सूचना काहींना चमत्कारिक वाटेल. डोनोव्हन कुक यांनी निर्मिलेल्या व हॅना-बार्बेरा या संस्थेने काढलेल्या या मालिकेचे अवघे १३ भाग झाले. तीत दोन कुत्रे आहेत. धाकटा डाखशुंड जातीचा, अखंड बडबडणारा. थोरला मेंढ्या राखणाऱ्या केसाळ जातीचा, क्वचितच तोंड उघडणारा, आणि उघडलेच तर बहुधा खाण्याविषयी बोलणारा. दोघेही मूर्ख, हे शीर्षकातच सांगून टाकले आहे. मूर्ख म्हणजे नेमके काय, हे मात्र मालिका सांगत नाही, दाखविते.

विल्यम हॅना व जोसेफ बार्बेरा यांनी १९५७ साली संस्था काढली, तेव्हा टेलिव्हिजनच्या तुटपुंज्या खर्चात चित्रे हलवावयाची होती. म्हणून देह स्थिर ठेवावयाचा, ओठ व हातपाय तेवढे हलवावयाचे, आणि विनोदाचा भार संवादावर टाकावयाचा, अशी रीत पडली. चक जोन्स यांनी अशा चित्रांना ‘सचित्र रेडिओ’ म्हणून हिणविले. ते सर्वस्वी अन्यायाचे नव्हते. १९९३ च्या मालिकेने हे जुने सपाट रेखन बुद्ध्याच उचलले, पण संवादाने तोलावयाच्या त्या रचनेत एक जवळजवळ मुका नायक आणून बसविला.

आपल्या नैयायिकांनी शाब्दबोधास आकांक्षा, योग्यता व संनिधी यांची अपेक्षा सांगितली आणि त्यांच्या जोडीस तात्पर्यज्ञान ठेवले. भोजनाच्या वेळी ‘सैंधव आण’ म्हटले तर मीठ आणावयाचे, प्रवासास निघताना म्हटले तर घोडा. धाकट्याचे बोलणे या कसोटीवर घासून पाहिले, तर पहिल्या तिन्ही बाबतींत ते बहुतांशी निर्दोष ठरते. बिघाड आहे तो प्रसंग ओळखण्यात. ‘डोअर जॅम’ या भागात आपोआप उघडणाऱ्या दाराच्या दुकानात शिरण्यासाठी हे दोघे खटपट करतात. दार शब्द उच्चारीत नाही. तरी त्याचे उघडणे-मिटणे हा वाचावयाचा संकेतच होय, आणि येणारेजाणारे तो विचार न करता वाचतात. कुत्र्यांना भाषा अवगत आहे, हा संकेत नाही. वाक्य समजणे व प्रसंग समजणे या भिन्न शक्ती आहेत, हे याहून सोपे करून सांगणे कठीण.

थोरल्याचे मौन याहूनही विचार करावयास लावणारे आहे. बोलणारा सहकार्याच्या बुद्धीने बोलत आहे असे ऐकणारा गृहीत धरतो, हे तत्त्व एच. पी. ग्राइस यांनी १९६७ साली हार्वर्ड येथील व्याख्यानांत मांडले. या गृहीतकामुळेच अपुऱ्या बोलण्यालाही अर्थ चिकटतो. थोरला एकच शब्द उच्चारतो आणि प्रेक्षक त्यामागे काही खोल शहाणपण असेल असे मानू लागतो. पुरावा काडीचाही नसतो! मौखिक परीक्षा घेणाऱ्या आम्हा अध्यापकांनी येथे थोडे थांबावे. बोलक्या विद्यार्थ्यास आपण हुशार ठरवितो, अबोलास मंद, आणि क्वचित एखाद्या अबोलास गूढ विद्वान. तिन्ही वेळी अनुमानाचा आधार सारखाच तोकडा असतो, आणि गुण मात्र कायमचे नोंदले जातात.

मालिकेत हॉलिवुड नावाचा एक धिप्पाड गृहस्थ येतो. दर वेळी त्याचा धंदा निराळा, पण ठेवणीचे वाक्य तेच : आधी ‘किती गोड’ असे कौतुक, आणि लगोलग ‘पण चूक आहे’ अशी गर्जना. पूर्वार्धातील सौजन्य हे उत्तरार्धासाठी घेतलेला श्वास आहे. दासबोधाच्या दुसऱ्या दशकात समर्थांनी मूर्ख व पढतमूर्ख यांची लक्षणे वेगवेगळ्या समासांत सांगितली आहेत. हा गृहस्थ निःसंशय दुसऱ्या समासातला.

कुत्रे मात्र पहिल्यातही बसत नाहीत. तेथील मूर्ख हा शहाणे होणे शक्य असलेला, म्हणून दोषास पात्र असलेला मनुष्य आहे. या दोघांना विशेषनामेदेखील नाहीत. एक नुसता ‘बिग डॉग’, दुसरा ‘लिटल डॉग’. म्हणून शीर्षकाचे भाषांतर करावयाचे झाल्यास ‘मूर्ख’ हा शब्द मी टाळीन. ‘बावळट’ शब्दात दिसण्या-वागण्यातील गबाळेपणा अधिक. ‘वेडे’ म्हटले तर रोगाची छाया येते. ‘दोन खुळे कुत्रे’ यात निंदा कमी व माया अधिक आहे, आणि मालिकेचा सूरही तोच आहे.