जुनाट कूर्परशूल आणि सोनोग्राफीचा अहवाल

कोपराच्या बाहेरील उंचवट्यावर बोट ठेवताच कळवळणारा रुग्ण कोणत्याही चिकित्सालयास नवा नाही. १८८३ साली इंग्लंडमध्ये या विकाराशी लॉन टेनिसचे नाव जोडले गेले. प्रत्यक्षात आपल्याकडे खेळाडू क्वचितच येतात. कपडे पिळणाऱ्या गृहिणी, गवंडी आणि औषधशाळेत दिवसभर खल घोटणारे कामगार हेच अधिक.

अभ्यंग, स्वेदन, लेप करूनही तीन-चार महिन्यांत उतार न पडल्यास सोनोग्राफी करून घेणे इष्ट होय. मनगट मागे वळविणाऱ्या पेशींची सामाईक कंडरा त्या उंचवट्यास चिकटते; विकृती तेथे असते. निर्शल व पेट्रोन यांनी १९७९ साली दाखविले की, जुनाट अवस्थेत तेथे शोथाच्या पेशी फारशा आढळत नाहीत. तंतूंची विस्कटलेली रचना व नवीन सूक्ष्म रक्तवाहिन्या आढळतात. तेव्हा केवळ शोथहर चिकित्सेवर भिस्त ठेवणे अपुरे ठरते.

निरोगी कंडरेत समांतर, उजळ तंतुरेषा दिसतात. विकृत कंडरा जाड होते, तिच्यात काळसर भाग दिसतात. कधी चुन्याचे कण, कधी अस्थीची खडबडीत कड. मात्र येथे एक मेख आहे. ध्वनिलहरी तंतूंवर काटकोनात न पडल्यास निरोगी कंडराही काळी दिसते! म्हणून काळा भाग उभ्या व आडव्या, दोन्ही छेदांत दिसला काय, हे तपासनिसास अवश्य विचारावे. दुसऱ्या कोपराची तुलनाही चिठ्ठीत लिहून मागावी.

अहवालात सर्वांत महत्त्वाची नोंद ती फाटीची. कंडरेतील फाट मोठी असल्यास, वा तिच्याखालील बाह्य संधिबंध फाटला असल्यास, शस्त्रक्रियेविना गुण येण्याची शक्यता घटते. अशा कोपरावर जोरकस मर्दन करू नये. कूर्पर हे वैकल्यकर मर्म आहे, हे अग्निकर्म योजतानाही विसरू नये. अस्थिरोगतज्ज्ञाचे मत आधी घ्यावे.

उलटपक्षी, कंडरेचा जाडपणा, चुन्याचे कण व नवीन रक्तवाहिन्या यांचा वेदनेच्या तीव्रतेशी मेळ बसेलच असे नाही. काही वेदनारहित व्यक्तींतही असे बदल दिसतात. केवळ अहवालातील शब्द गंभीर म्हणून बरा होत असलेल्या रुग्णाची चिकित्सा बदलू नये.

आणि वेदना तीव्र असूनही कंडरा निर्दोष दिसली, तर कोपर सोडून मान तपासावी. ग्रीवेतील नाडी दबल्याने, तसेच अग्रबाहूतील नाडी आवळली गेल्यानेही याच जागी वेदना होते.