विश्लेषण : विद्यार्थ्यांच्या लघुपटात थ्रिलर फसतो कुठे? कमी पैशांत थरार कसा उभा राहतो?

चार मित्र, एक मोबाइल, कोणाच्या तरी नात्यातला रिकामा फ्लॅट आणि हातात शनिवार-रविवार. महाविद्यालयीन लघुपट स्पर्धेसाठी विषय ठरवताना अशा गटांना थ्रिलर सोयीचा वाटतो. कलाकार कमी लागतात, वेशभूषेचा खर्च नसतो, अंधार केला की खोलीही फारशी सजवावी लागत नाही. पडद्यावर मात्र ऐन थरारक प्रसंगात सभागृहात हशा पिकतो किंवा शेवटचा धक्का प्रेक्षकांनी आधीच ओळखलेला असतो. त्याचे खापर सहसा बजेटवर फुटते. बहुतेक वेळा चुकलेला असतो तो माहितीचा हिशेब : कोणती गोष्ट, कोणाला आणि कधी कळू द्यायची.

रहस्य आणि थरार यांत फरक काय?

बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांपासून रत्नाकर मतकरींच्या गूढकथांपर्यंत मराठीत मोठी परंपरा आहे. त्यामुळे थ्रिलर म्हणजे रहस्य, असे सहज धरले जाते. रहस्यकथेत बहुधा गुन्हा घडून गेलेला असतो आणि तो कोणी केला हा प्रश्न असतो. थ्रिलरमध्ये काहीतरी वाईट घडू पाहत असते आणि ते टळेल का, हा प्रश्न असतो.

दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांनी फ्रान्स्वा त्रुफो यांच्याशी बोलताना यासाठी बॉम्बचे उदाहरण दिले होते. टेबलाभोवती माणसे गप्पा मारत आहेत आणि टेबलाखाली बॉम्ब आहे. प्रेक्षकांना त्याची कल्पना नसेल, तर स्फोट झाल्यावर काही सेकंदांचा धक्का बसतो. बॉम्ब आणि घड्याळ आधीच दाखवले, तर त्याच साध्या गप्पा प्रेक्षक जीव मुठीत धरून ऐकतात. दोन्ही प्रसंगांचा खर्च जवळपास सारखाच. बदलतो तो शॉटचा क्रम.

विद्यार्थी नेमके कुठे अडखळतात?

पहिली अडचण संवादांची. महाराष्ट्रात लघुपट करणारी बरीच मुले एकांकिका स्पर्धांमधून येतात. रंगमंचावर शब्द मोठा भार उचलतो. कॅमेऱ्यासमोर तीच सवय राहिली, तर शेवटच्या दोन मिनिटांत खलनायक सगळा कट तोंडाने सांगत बसतो. दुसरी अडचण शेवटच्या कलाटणीची. तिची बीजे आधी पेरलेली नसतील, तर प्रेक्षकांना फसवणूक झाल्यासारखे वाटते. तिसरी अडचण पार्श्वसंगीताची. पहिल्या शॉटपासून भीतीदायक संगीत वाजू लागले, की खऱ्या धोक्याच्या वेळी वाढवायला काही उरत नाही.

पाठलाग स्वस्तात कसा होतो?

याचे उत्तम उदाहरण जॉर्ज लुकास यांनी सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकत असताना 1967मध्ये केलेला ‘इलेक्ट्रॉनिक लॅबिरिंथ : टीएचएक्स 1138 4ईबी’ हा सुमारे 15 मिनिटांचा लघुपट. कथा एका ओळीची : कडक पहारा असलेल्या भविष्यातील जगातून एक माणूस पळतो आहे. मोठे सेट नाहीत. कॉरिडॉर, बोगदे अशा तयार जागांमध्येच भविष्यकाळ शोधला आहे. पळणाऱ्या माणसाच्या मध्ये मध्ये नियंत्रण कक्षातील पडदे, आकडे आणि यंत्रांतून येणारे तुटक आवाज दिसत-ऐकू येत राहतात. पळणारा एकीकडे, पाहणारे दुसरीकडे. दोन्ही दृश्ये आलटूनपालटून जोडली, की एकटा धावणारा नटही पाठलाग उभा करतो. लुकास यांनी याच कल्पनेवर 1971मध्ये ‘टीएचएक्स 1138’ हा पूर्ण लांबीचा चित्रपट केला.

एका खोलीत काय करता येते?

ख्रिस्तोफर नोलन लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये इंग्रजी साहित्य शिकले आणि तिथल्या फिल्म सोसायटीत चित्रपट करू लागले. त्यांचा 1997चा ‘डूडलबग’ जेमतेम तीन मिनिटांचा आहे. एक कळकट खोली, एक माणूस, हातात बूट आणि जमिनीवर पळणारे काहीतरी. ते ‘काहीतरी’ म्हणजे त्या माणसाचीच छोटी प्रतिकृती निघते. तो तिला बुटाने चिरडतो आणि पुढच्याच क्षणी त्याच्याहून मोठा ‘तो’ मागून त्यालाच चिरडतो. सुरुवातीला दाखवलेली कृतीच शेवटी त्याच्यावर उलटते. त्यामुळे कलाटणी उपरी वाटत नाही.

पाठोपाठ 1998मध्ये आलेला त्यांचा ‘फॉलोइंग’ पूर्ण लांबीचा असला, तरी विद्यार्थी गटांसाठी त्याची कामाची पद्धत उपयोगाची आहे. सगळ्यांना नोकऱ्या असल्याने चित्रीकरण वर्षभर शनिवारी चाले. फिल्म वाया जाऊ नये म्हणून तालमी भरपूर आणि टेक मोजके. मोबाइलवर टेकला पैसे पडत नाहीत. पण तालीम न करता तीस टेक घेतले, तर संकलनाच्या वेळी तो खर्च वेळेच्या रूपाने वसूल होतोच.

‘अंधाधुन’शी याचा काय संबंध?

पुण्यात घडणारा श्रीराम राघवन यांचा ‘अंधाधुन’ (2018) ज्या फ्रेंच लघुपटावरून सुचला, तो ऑलिव्हिए त्रेनेर यांचा ‘लाकोर्दर’ (2010). हा विद्यार्थीपट नव्हे. पण जेमतेम पाऊण तासाच्या तिसऱ्या हिश्शाएवढ्या वेळात थरार कसा बांधावा, हे त्यातून शिकता येते. पियानो दुरुस्त करणारा तरुण आंधळा असल्याचे सोंग करतो आणि एका घरात त्याला प्रेत दिसते. त्याला दिसते हे प्रेक्षकांना माहीत आहे. घरातल्या बाईला ते कळता कामा नये. या एका तफावतीमुळे पियानो वाजवण्यासारखी साधी कृतीही जीवघेणी होते. पाठलाग नाही, मारामारी नाही.

मोबाइलवर अंधार कसा टिपायचा?

थ्रिलरला अंधार हवा, हा समज अर्धाच खरा आहे. मोबाइलचा लहान सेन्सर कमी उजेडात चित्रात दाणे आणतो. शिवाय ऑटो एक्स्पोजर चालू असेल, तर पात्र हलले की दृश्य मध्येच उजळते किंवा काळवंडते. त्यामुळे एक्स्पोजर आणि फोकस लॉक करावा. खोली काळोखी ठेवण्यापेक्षा एकच दिवा बाजूला ठेवून चेहऱ्याचा अर्धा भाग उजळावा. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची असल्याने ट्यूबलाइट किंवा स्वस्त एलईडीखाली पट्टे आणि लुकलुक दिसू शकते. शटर 1/50 किंवा 1/100 सेकंदावर ठेवल्यास हा त्रास बराच कमी होतो.

आवाजाकडे त्याहून जास्त लक्ष हवे. चित्रीकरणावेळी पंखा आणि फ्रिज बंद ठेवावा. लिफ्टचे दार, चप्पलांचा आवाज, कुकरची शिट्टी वेगळी ध्वनिमुद्रित करून घ्यावी. दाराबाहेर थांबलेली पावले नुसती ऐकवली, तर बाहेरचा माणूस दाखवावाही लागत नाही.

कोणत्या रूढ युक्त्या टाळाव्यात?

‘हे सगळे त्याच्या मनातच घडत होते’ हा शेवट इतका वापरला गेला आहे, की त्याचा धक्का राहिलेला नाही. त्यात मानसिक आजार म्हणजे हिंसा, असा चुकीचा समजही पसरतो. तीच गोष्ट केवळ प्रेत म्हणून येणाऱ्या स्त्री-पात्राची. धोका खरा वाटायचा, तर ज्याच्यावर तो आहे त्याला काय गमवायचे आहे, हे पहिल्या दोन मिनिटांत कळायला हवे. परीक्षेचे हॉल तिकीट, बहिणीच्या लग्नासाठी काढून आणलेली रक्कम, डिलीट न झालेला एक मेसेज एवढेही पुरते.

खरा धोका टाळण्याचे काय?

रस्त्यावर खेळण्यातले पिस्तूल काढले, तर ते खेळण्यातले आहे हे दुरून पाहणाऱ्याला कळत नाही. घबराट उडू शकते, पोलीसही येऊ शकतात. असे प्रसंग बंद जागेत, सोसायटी किंवा महाविद्यालयाला आधी सांगून घ्यावेत. चाकूचा प्रसंग असेल तर धार नसलेली वस्तू वापरावी. रेल्वेच्या हद्दीत चित्रीकरणाला परवानगी लागते आणि रुळांवरचा शॉट कोणत्याही बक्षिसापेक्षा महाग पडू शकतो. कठडा नसलेल्या गच्चीचेही तेच. तिथे पात्र जमिनीवर उभे करून कॅमेरा खाली ठेवला आणि वरती फक्त आकाश दिसू दिले, तरी उंचीचा भास होतो.

जमले की नाही, हे कसे कळणार?

कथा माहीत नसलेल्या एखाद्याला कच्चे संकलन दाखवावे आणि मध्यावर थांबवून ‘पुढे काय होईल?’ असे विचारावे. एकच उत्तर ठामपणे आले, तर कलाटणी उघडी पडली आहे. काहीच सांगता आले नाही, तर माहिती कमी पडते आहे. दोन शक्यता सांगून त्यातली एक होऊ नये असे तो म्हणाला, तर लघुपट योग्य वाटेवर आहे. ही चाचणी स्पर्धेच्या आदल्या रात्री न घेता आठवडाभर आधी घ्यावी, म्हणजे शॉटचा क्रम बदलायला वेळ उरतो.