पाळत ठेवणाऱ्यांवर पाळत

मुंबईची वीज चिनी हॅकर्सनी घालवली, असे ‘रेकॉर्डेड फ्यूचर’ या अमेरिकी कंपनीने शोधून काढले, असे आजही अनेक जण ठामपणे सांगतात. कंपनीने तसे म्हटलेले नव्हते. फेब्रुवारी २०२१ च्या अखेरीस आलेल्या तिच्या अहवालात १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई ठप्प करणाऱ्या त्या बिघाडाचा उल्लेख जरूर होता. पण त्याचा मालवेअरशी, म्हणजे हॅकर्सच्या घातक सॉफ्टवेअरशी, संबंध सिद्ध झालेला नाही, हेही तिथेच लिहिलेले होते. गाजावाजा झाला तो अहवालाचा. ही कबुली मात्र मागे पडली. सायबर धोक्यांची आगाऊ माहिती देणे, म्हणजे ‘थ्रेट इंटेलिजन्स’, हा आता अब्जावधी डॉलरचा धंदा आहे. त्या धंद्यातली खरी पत अशा कबुलीवर ठरते, असे मला वाटते.

या कंपनीचा जन्म सायबर सुरक्षेतून झालेलाच नाही. तिचे संस्थापक ख्रिस्टोफर आल्बर्ग हे स्वीडनच्या चाल्मर्स विद्यापीठाचे पीएचडी. माहितीचे ढीग चित्ररूपात दाखवणारी ‘स्पॉटफायर’ ही त्यांची आधीची कंपनी २००७ मध्ये विकली गेली. २००९ मध्ये त्यांनी स्टाफान त्रुवे यांच्याबरोबर नवा डाव मांडला. इंटरनेटवरच्या मजकुरात भविष्याविषयीची असंख्य विधाने विखुरलेली असतात: अमुक देशात पुढच्या महिन्यात निदर्शने होणार, तमुक कंपनी वर्षाअखेरीस नवे उत्पादन आणणार. ही वाक्ये संगणकाने वाचावीत, त्यातून कोण, काय, कुठे आणि मुख्य म्हणजे केव्हा हे वेगळे काढावे आणि सगळे एका कालरेषेवर मांडावे, ही कल्पना. यातले ‘केव्हा’ फार चिवट असते. ‘परवा’ किंवा ‘पुढच्या आठवड्यात’ म्हणजे नेमकी कोणती तारीख, हे मजकूर कधी लिहिला गेला ते कळल्याशिवाय ठरत नाही. गुगलच्या गुंतवणूक शाखेने या कल्पनेत पैसे घातले आणि सीआयएशी जोडलेल्या इन-क्यू-टेल या संस्थेनेही.

हेच यंत्र हॅकर्सच्या जगाला चपखल बसले. तिथे चोरलेले पासवर्ड विकायला येतात, सॉफ्टवेअरमधल्या ताज्या त्रुटींची चर्चा होते, आणि ही बोलणी रशियन, चिनी, फारसी अशा अनेक भाषांत चालतात. माणसांनी बसून वाचायचे म्हटले तर आयुष्य पुरणार नाही. हळूहळू कंपनीने बाकीचे नाद सोडले आणि इथेच मुक्काम ठोकला.

पण वाचनाने सगळे कळत नाही. सरकारी आश्रयाखालचे हॅकर्स कुठेही गप्पा मारत बसत नाहीत. त्यांना पकडायची रीत वेगळी आहे, आणि विज्ञान म्हणून मला तीच जास्त रोचक वाटते. एखाद्या संगणकात शिरलेले मालवेअर एकटे काही करू शकत नाही; त्याला हुकूम घेण्यासाठी बाहेरच्या एका सर्व्हरशी बोलावेच लागते. या नियंत्रक सर्व्हरला ठरावीक प्रकारे हाक मारली, तर तो ज्या पद्धतीने उत्तर देतो त्यात त्याच्या सॉफ्टवेअरची लकब दिसते. इंटरनेटच्या जुन्या पत्तापद्धतीत सुमारे ४३० कोटी पत्ते आहेत. संगणकाला ते सगळे चाचपता येतात. लकब जुळणारे सर्व्हर सापडले की पुढचा प्रश्न: त्यांच्याशी कोण बोलते आहे? इथे इंटरनेटवरच्या वाहतुकीच्या नोंदी कामाला येतात. पाकीट न फोडता त्यावरचे पत्ते आणि टपालाचे शिक्के वाचावेत, तसा हा प्रकार. कोणी कोणाशी, केव्हा, किती माहितीची देवाणघेवाण केली एवढेच त्यातून कळते. आतला मजकूर नाही.

२०२१ च्या त्या अहवालासाठी तपासलेल्या अशा नोंदींच्या दुसऱ्या टोकाला भारतीय पत्ते निघाले. वीज क्षेत्रातल्या १० संस्था, त्यांत देशातल्या ५ पैकी ४ प्रादेशिक भार प्रेषण केंद्रे, शिवाय २ बंदरे. ग्रिडमधली मागणी आणि पुरवठा क्षणोक्षणी जुळवण्याचे काम ही केंद्रे करतात. तिथे चोरून नेण्यासारखे व्यापारी गुपित फारसे नसते. म्हणून पुढे कधी गरज पडली तर हाताशी असावे यासाठी आधीच पाय रोवून ठेवण्याचा हेतू असावा, असा कंपनीचा तर्क होता. वापरलेले मालवेअर ‘शॅडोपॅड’. ते चीनशी संबंधित एकाहून अधिक गट वापरतात, त्यामुळे नुसत्या हत्यारावरून मारेकरी ठरत नाही. आधीच्या एका गटाशी साम्य दिसत होते, पण खात्री होण्याइतके नव्हते. म्हणून कंपनीने या कारवायांना ‘रेडएको’ असे वेगळे नाव दिले. हा सावधपणा मला मोलाचा वाटतो. जुने, गाजलेले नाव चिकटवले असते तर बातमी आणखी मोठी झाली असती.

मुंबईत मात्र सगळी चर्चा वीज कशाने गेली, या एकाच प्रश्नाभोवती फिरली. राज्याचे तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी ‘महाराष्ट्र सायबर’ विभागाच्या प्राथमिक अहवालाचा हवाला देत घातपाताची शक्यता मांडली. तत्कालीन केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी मानवी चूक हे कारण सांगितले. या वादात केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाचे निवेदन झाकोळून गेले. नियंत्रण केंद्रांत शॅडोपॅड असल्याचा इशारा ‘सर्ट-इन’ या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेकडून १९ नोव्हेंबर २०२० रोजीच मिळाला होता, असे त्यात म्हटले होते; कामकाजावर परिणाम झाला नाही, असेही. म्हणजे घुसखोरीचा प्रश्न खरा होता, वीज कशाने गेली हा निराळा. दुसऱ्याचे उत्तर ‘हॅकर्समुळे नाही’ असे आले, म्हणून पहिला निकालात निघत नाही.

कंपनी दरम्यान वाढत गेली. २०१९ मध्ये इनसाइट पार्टनर्सने ती ७८ कोटी डॉलरना घेतली. सप्टेंबर २०२४ मध्ये मास्टरकार्डने २६५ कोटी डॉलरचा सौदा जाहीर केला, तेव्हा तिचे १,९०० हून अधिक ग्राहक होते आणि त्यांत ४५ देशांची सरकारे. कार्ड कंपनीला हे कशाला हवे? चोरलेले कार्ड वापरले जाण्याआधी बहुधा कुठेतरी विकायला येते, आणि त्या दोन घटनांमधला वेळ मास्टरकार्डसाठी सोन्याच्या मोलाचा आहे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये रशियाने रेकॉर्डेड फ्यूचरला ‘अनिष्ट संस्था’ ठरवले.

अहवाल जाहीर करण्याची किंमतही असते. रेडएकोचा बोभाटा झाल्यावर त्या गटाने आपली काही डोमेन सोडून दिली, म्हणजे पाळत ठेवण्याच्या खिडक्याही बंद झाल्या. एप्रिल २०२२ मध्ये कंपनीने नवी घुसखोरी उघड केली: लडाख सीमेजवळच्या उत्तर भारतातली किमान ७ राज्य भार प्रेषण केंद्रे. या वेळी मध्यस्थ म्हणून इंटरनेटला जोडलेले सीसीटीव्ही कॅमेरे आणि त्यांचे डीव्हीआर ताब्यात घेतले गेले होते. प्रयत्न फसले, असे ऊर्जामंत्र्यांनी सांगितले.

त्याच महिन्यात सर्ट-इनने नवे निर्देश काढले. घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायची आणि संगणक प्रणालींच्या नोंदी १८० दिवस देशातच जपून ठेवायच्या. या दुसऱ्या अटीकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही, पण मला ती अधिक महत्त्वाची वाटते. बाहेरून पाहणारी कंपनी फार तर एवढेच सांगू शकते की तुमच्या केंद्रातले यंत्र परक्या सर्व्हरशी बोलत होते. ते यंत्र कोणते, त्याच्यावरून पुढे कुठवर मजल गेली, कोणती आज्ञा दिली गेली, हे त्या केंद्राच्या स्वतःच्या नोंदींतच असते, आणि इशारा येईपर्यंत महिने उलटलेले असतात.