ओट्यावरचा लांडगा

रविवारी सकाळी आमच्या कोपऱ्यावरच्या चिकनच्या दुकानात रांग असते. परवा माझ्या पुढे पंचविशीतला एक मुलगा होता. "चाचा, अर्धा किलो गर्दन, पाव किलो पोटा-कलेजी, आणि पंजे. पंजांची नखं काढा." चाचांनी सुरी थांबवली. "घरासाठी की कुत्र्यासाठी?"

पूर्वी या प्रश्नाचं उत्तर भावावर बेतलेलं असायचं. कुत्र्यासाठी म्हटलं की कातडी, पंखांची टोकं, चरबी अशी छाट पाच-दहा रुपयांत पिशवीभर मिळायची. घरी ती जुन्या पातेल्यात शिजायची आणि कण्यांच्या भातात कालवली जायची. हा मुलगा मात्र घरच्यापेक्षा निवडून माल घेत होता आणि त्यातलं काहीच शिजणार नव्हतं. "कच्चंच देतो," तो म्हणाला. "लांडगे कुठे कुकर लावतात?"

चाचा हसले. मला हसू आलं नाही, कारण चार वर्षांपूर्वी हेच वाक्य मी माझ्या सासूबाईंना ऐकवलं होतं.

पाळीव कुत्र्याला कच्चं मांस आणि कच्ची हाडं द्यायची, ही आता एक पद्धत झाली आहे. तिची मोठी लाट ऑस्ट्रेलियातून आली. तिथले पशुवैद्य इयन बिलिंगहर्स्ट यांनी १९९३ साली 'गिव्ह युअर डॉग अ बोन' हे पुस्तक काढलं. डब्यातलं, पाकिटातलं खाणं सोडा आणि कुत्र्याला त्याच्या पूर्वजांचं ताट परत द्या, असं त्यांचं म्हणणं. या आहाराला 'बार्फ' हे नाव चिकटलं. २००१ साली त्यांचेच देशबांधव टॉम लॉन्सडेल यांचं 'रॉ मीटी बोन्स' आलं. तेही पशुवैद्यच, आणि पाकीटबंद खाण्याच्या कंपन्यांवर त्यांचा राग बिलिंगहर्स्ट यांच्यापेक्षा जास्त.

हा राग अगदीच बिनबुडाचा नाही. कुत्र्याचं पाकीटबंद खाणं जन्मालाच आलं ते बिस्किट म्हणून. जेम्स स्प्रॅट नावाचा अमेरिकन गृहस्थ व्यवसायासाठी लंडनला आला आणि गोदीत जहाजावरची कडक बिस्किटं कुत्री मटकावताना त्याने पाहिली, अशी गोष्ट सांगतात. १८६०च्या सुमारास त्याने गहू, भाज्या आणि मांसाची कुत्र्यांसाठीची बिस्किटं बाजारात आणली. तिथून आजच्या खड्यांपर्यंतचा प्रवास बराचसा कारखान्याच्या सोयीने झाला आहे. रोज तेच कोरडे खडे वाडग्यात ओतताना कुणालाही वाटावं, की आपण जेवण वाढतोय की जनावराला पेंड घालतोय? कच्च्या आहाराकडे वळलेली बहुतेक माणसं या अस्वस्थतेतून वळलेली असतात आणि मला त्यांच्याबद्दल आपुलकी आहे. अडचण आहे ती लांडग्याची.

स्वीडनमधल्या उपसाला विद्यापीठातले एरिक ॲक्सेलसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली 'नेचर'मध्ये एक अभ्यास मांडला. बारा लांडगे आणि साठ कुत्री यांची जनुकं त्यांनी शेजारी शेजारी ठेवून पाहिली. पिष्ट पचवणारं अमायलेज हे द्रव्य कुत्र्याच्या स्वादुपिंडात तयार होतं. ते बनवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती सापडल्या. कुत्र्यांत चारपासून तीसपर्यंत. म्हणजे माणूस धान्य पिकवायला लागला, त्याच्या चुलीपाशी हा प्राणी येऊन बसला आणि उरलंसुरलं खाता खाता आतून बदलला. भाकरी त्याच्यावर लादलेली नाही, तो भाकरीसाठीच राहिला आहे. शेतीपासून लांब राहिलेल्या कुत्र्यांत मात्र या प्रती कमी निघाल्या, ऑस्ट्रेलियातल्या डिंगोत आणि सायबेरियन हस्कीत. तेव्हा पुण्यात एसीखाली धापा टाकणाऱ्या एखाद्या हस्कीने लांडग्याचा दाखला दिला तर त्याचं थोडं ऐकून घ्यावं लागेल. आमच्या चिंगीला ती सवलत नाही. ती गल्लीतून उचलून आणलेली, अस्सल गावठी. तिच्या कित्येक पिढ्या ताकभाकरीवर आणि खरकट्यावर पोसलेल्या असणार.

तरीही मी तिला तीन आठवडे कच्चं खायला घातलं. सोळा किलोची कुत्री, वजनाच्या अडीच टक्के म्हणजे दिवसाला चारशे ग्रॅम. त्यात ऐंशी टक्के मांस, दहा टक्के हाड, पाच टक्के कलेजी आणि पाच टक्के इतर अवयव, असं या पंथाचं सर्वमान्य गणित. मी स्वयंपाकघरातला काटा त्या कामाला लावला. चिंगी खूश होती. गर्दन करकर चावण्याचा आवाज बैठकीच्या खोलीपर्यंत यायचा. दुसऱ्या आठवड्यात तिची शी पांढरी, खडूसारखी झाली. सकाळी झाडाखाली ती पाठीची कमान करून मिनिटभर कुंथायची आणि माझ्याकडे अशी बघायची, की मी रस्त्यापलीकडच्या रिकाम्या बाकाकडे बघायला लागायचे.

चूक काट्याची नव्हती. मी गर्दनीला मांस समजत होते. कोंबडीच्या गर्दनीत साधारण एक तृतीयांश हाडच असतं, पंजात त्याहून जास्त. ऐंशी-दहाचा हिशेब कागदावरच राहिला आणि कुत्रीच्या पोटात चुना साठला. उलट टोकाची चूक याहून वाईट असते. नुसत्या मांसात कॅल्शियमच्या पंधरा-वीस पट फॉस्फरस असतं आणि कुत्र्याला कॅल्शियम थोडं जास्त हवं असतं. ते ताटातून मिळालं नाही की शरीर स्वतःच्या हाडांतून काढायला लागतं. वाढत्या वयाच्या लॅब्राडॉर किंवा जर्मन शेफर्डच्या पिल्लाला काही महिने नुसता खिमा घातला, तर त्याचे पाय वाकतात आणि उडी मारली तरी हाड मोडू शकतं. लांडग्याला हा प्रश्न येत नाही, कारण तो खिमा खात नाही. तो अख्खं जनावर खातो, हाडं, कातडी, आतडी, रक्त सगळं. कलेजी तेवढी आवडते म्हणून कलेजीचाच मारा केला तर 'अ' जीवनसत्त्वाचा अतिरेक होतो, हे वेगळंच.

आमच्या पशुवैद्य बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, त्या चिंगीचं पोट तपासतील. त्यांनी विचारलं, "चिकन कुठे कापता?"

"ओट्यावर."

"आणि कोशिंबीर?"

कच्च्या आहाराच्या वादात आपण कुत्र्याच्या पोटाबद्दलच बोलत बसतो. कुत्र्याचं पोट खरंच दणकट असतं. साल्मोनेला पोटात घेऊन कुत्रा शेपटी हलवत हिंडू शकतो, त्याला काही होत नाही. पण ते जंतू त्याच्या शीतून बाहेर पडत राहतात, आणि त्याच्या वाडग्यावर, मिशांवर, जिभेवर असतात. मग तो येऊन रांगत्या बाळाचं तोंड चाटतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० ते २०१२ या काळात कच्च्या पाळीव-खाद्याचे १९६ नमुने तपासले. पंधरांत साल्मोनेला निघाला, बत्तीसांत लिस्टेरिया. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१८ साली गोठवलेल्या कच्च्या खाद्याची ३५ पाकिटं उघडली, तेव्हा एकोणिसांत लिस्टेरिया होता. ही कारखान्यात भरलेली, शीतसाखळीतून आलेली पाकिटं. गोठवल्याने जंतू मरत नाहीत, थंडीने आखडून बसतात इतकंच. बाहेर काढून ओट्यावर विरघळत ठेवलं की पुन्हा कामाला लागतात.

आपल्याकडे कोंबडी डोळ्यांदेखत कापतात, म्हणून ती ताजी. ताजी असते, शंका नाही. पण सकाळपासून त्याच फळीवर, त्याच सुरीने पन्नास कोंबड्या कापलेल्या असतात आणि एकीच्या आतड्यातलं दुसरीच्या मांसाला लागलेलं असतं. लांडग्याच्या शिकारीला हा शेजार नसतो. आपला रस्सा अर्धा तास रटरटतो, म्हणून ती फळी आपल्याला माफ आहे. कच्चं देणाऱ्याला ती माफी नाही.

जंतूंचे हे धोके हात धुऊन, वेगळी सुरी ठेवून बरेच आटोक्यात आणता येतात. पुढचा तेवढ्याने येत नाही आणि त्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं.

शेळी, मेंढी, म्हैस यांच्या यकृतात किंवा फुप्फुसात कधी कधी पाण्याने भरलेली गाठ सापडते. मटणवाल्यांना ती माहीत असते. गिऱ्हाइकाला तो तुकडा दिला जात नाही, बाजूला टाकला जातो, आणि बाजूला कुत्रं बसलेलंच असतं. त्या गाठीत एका फीतकृमीची असंख्य डोकी असतात. कच्ची गाठ कुत्र्याच्या पोटात गेली, की त्यांतून काही मिलिमीटर लांबीचे जंत तयार होऊन आतड्याला चिकटतात. कुत्रा धडधाकट दिसतो. त्याच्या शीतून अंडी पडतात, गवताला लागतात, गवत मेंढी खाते आणि चक्र पूर्ण होतं. मधेच माणूस सापडला तर तीच गाठ माणसाच्या यकृतात वाढायला लागते, वर्षानुवर्षं, न दुखता. मग कधीतरी सोनोग्राफीत ती दिसते आणि डॉक्टर 'हायडॅटिड' हा शब्द उच्चारतात. रुग्ण म्हणतो, अहो, मी तर मटणाला हातही लावत नाही. मटणाचा इथे संबंधच नसतो. संबंध कुत्र्याच्या अंगावरून फिरवलेल्या हाताचा असतो, न धुतलेल्या कोथिंबिरीचा असतो.

आइसलँडमध्ये एकोणिसाव्या शतकात या गाठींनी लोक हैराण झाले होते. डेन्मार्कचे हराल्ड क्राबे १८६३ साली तिथे गेले. त्यांनी शंभर कुत्री चिरून पाहिली, तर अठ्ठावीसांत हे जंत निघाले. त्यानंतर लोकांना समजावणाऱ्या पुस्तिका निघाल्या, पुढे कायदे झाले. न्यूझीलंडची गोष्ट अलीकडची. माणसांपेक्षा मेंढ्या जास्त असलेला तो देश. त्यांनी कुत्र्यांना कच्चे अवयव घालण्यावर बंदी आणली, एकूण एक कुत्र्याला ठरावीक आठवड्यांनी जंताचं औषध सक्तीने दिलं आणि २००२ साली रोगमुक्तीची तात्पुरती का होईना, घोषणा केली. म्हणजे बिलिंगहर्स्ट यांच्या शेजारच्याच देशाने कुत्र्याच्या ताटातली कच्ची कलेजी काढून घेऊन एक रोग हद्दपार केला. कच्च्या आहाराच्या पुस्तकांत ही हकिगत ठळक अक्षरांत असायला हवी होती.

'आपण खास पाळीव-खाद्याचं, तपासलेलं मांस आणू' असं कुणी म्हणेल. आणावं. पण नैसर्गिक म्हणून सुरक्षित, या समजुतीला नागपुरात अलीकडेच धक्का बसला आहे. गोरेवाडा बचाव केंद्रात डिसेंबर २०२४मध्ये तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने गेले. एच५एन१ विषाणूचं निदान झालं आणि संशय खाण्यात आलेल्या कोंबडीवर गेला. वाघापेक्षा अस्सल मांसाहारी कोण असणार? कुत्र्यांना हा विषाणू मांजरांइतका झोंबत नाही, एवढाच काय तो दिलासा. मांजरं मात्र अमेरिकेतही कच्च्या खाद्यातून या विषाणूने दगावली आहेत.

मग चिंगीने खायचं काय? कच्चं की खडे, असा सामना लावून लोक मोकळे होतात, पण आपल्या घरात तिसरं ताट पहिल्यापासून आहे, शिजवलेलं. सासूबाईंनी चार वर्षांपूर्वी मला तेच सांगितलं होतं, फक्त थोड्या कडक शब्दांत. अर्थात घरी शिजवलं म्हणजे सगळं साधलं, असंही नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या अभ्यासकांनी २०१३ साली घरगुती श्वानाहाराच्या २०० पाककृती तपासल्या, तर ९५ टक्के पाककृतींत निदान एक तरी आवश्यक घटक कमी पडत होता. दूधभाकरी आणि वरणभातावर वाढलेला कुत्रा जगतो, पण जगणं आणि पोसणं यांत फरक आहे. आमच्या पशुवैद्य बाई वजनानुसार तक्ता लिहून देतात: उकडलेलं बिनहाडाचं चिकन, थोडी उकडलेली कलेजी, भात किंवा भाकरी, लाल भोपळा, आणि वरून कॅल्शियम व जीवनसत्त्वांची पावडर. मीठ-मसाला नाही. कांदा-लसूण तर अजिबात नाही, तो कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. आणि शिजवलेलं हाड कधीच नाही. शिजलं की ते ठिसूळ होतं आणि त्याची सुईसारखी धार आतडं फाडू शकते. कच्चं हाड तेवढं फुटत नाही, हे कच्चंवाल्यांचं म्हणणं खरं आहे. त्याने दाढ तुटू शकते, हे मात्र ते सांगत नाहीत.

त्या मुलाला मी रांगेतच एवढं सगळं सांगितलं नाही. एकच विचारलं, जंताचं औषध कुठलं देतोस? त्याने मोबाइलमधला बाटलीचा फोटो दाखवला. पिल्लांना देतात ते गोड सिरप होतं, गोल जंतांवरचं. फीतकृमीला ते लागू पडत नाही, त्याला प्राझिक्वाँटेल लागतं. नाव त्याने टिपून घेतलं आणि गर्दनीची पिशवी उचलली.

चिंगीची प्राझिक्वाँटेलची गोळी याच रविवारी होती. तुपाच्या भाकरीत लपवली, तर भाकरी संपली आणि गोळी चाटूनपुसून स्वच्छ करून फरशीवर ठेवलेली. पेढ्यात घातली, तीच गत. शेवटी सासूबाई उठल्या, कलेजीचा एक तुकडा घेतला, भांड्यात पाणी ठेवलं आणि गॅस पेटवला. चिंगी भांड्याकडे बघत दारात बसून राहिली.