अक्षरे अडतात तेव्हा

स्मरणिकेत शाळेच्या यशाविषयी लिहावे, असा रिवाज आहे. मी मात्र अशा एका विद्यार्थ्याविषयी लिहिणार आहे, ज्याला दोन वर्षांत मी वाचायला शिकवू शकले नाही. तो दुसरीत होता. ‘भात’ आणि ‘मात’ हे शब्द त्याला सारखेच दिसत. फळ्यावरच्या चार ओळी उतरवण्यात त्याचा सारा तास जाई. तोंडी विचारले, तर उत्तर सर्वांत आधी त्याचे असे. बंदराच्या रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रेलरवरचा कंटेनर कोणत्या कंपनीचा, हे तो नुसत्या रंगावरून सांगे. मी त्याला आळशी ठरवले आणि चुकलेला शब्द वीस-वीस वेळा लिहायला लावला. तिसरीच्या सुट्टीत घरी गेलेला तो मुलगा वसतिगृहात परत आला नाही.

आज मला जे ठाऊक आहे, ते तेव्हा असते तर त्याची वही मी निराळ्या नजरेने पाहिली असती. बुद्धी सर्वसाधारण, ऐकणे-पाहणे ठीक, शिकवणेही नियमित. तरीही अक्षर आणि ध्वनी यांची सांगड काही मुलांच्या मेंदूत सहज बसत नाही. हिला अध्ययन अक्षमता म्हणतात. देवनागरीत तिच्या खुणा ठरावीक जागी दिसतात. घ-ध, भ-म, थ-य, ब-व या जोड्यांत गोंधळ होतो. ऱ्हस्व वेलांटी तर मोठाच सापळा आहे: ‘कि’ म्हणताना ‘इ’ मागून ऐकू येते, पण लिहिताना ती आधी काढावी लागते. रफार आणि जोडाक्षरे ही पुढची पायरी.

अंकांचेही तसेच. आपण ‘पंचवीस’ म्हणतो तेव्हा पाच आधी उच्चारतो आणि लिहिताना दोन आधी लिहितो. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशी जोड दिली गेली, तेव्हा महाराष्ट्रभर थट्टा झाली. डॉ. मंगला नारळीकर यांनी त्या पद्धतीची बाजू शांतपणे मांडली होती. अडखळणारे मूल ज्याने जवळून पाहिले आहे, त्याला त्या थट्टेत सामील होणे जड गेले असते.

येथे एक सावधगिरी हवी. आपल्या परिसरातील आगरी-कोळी घरांतून आलेले मूल ‘पाणी’ला ‘पानी’ आणि ‘डोळा’ला ‘डोला’ म्हणते व तसेच लिहिते. ती त्याच्या घरची बोली आहे, दोष नव्हे. वडिलांच्या नोकरीपायी परप्रांतातून आलेल्या मुलाला मराठीच नवी असते. कान वाहत असल्याने नीट ऐकू न येणारे किंवा चष्म्याची गरज असलेले मूलही वर्गात ‘ढ’ ठरते. म्हणून आधी कान आणि डोळे तपासावेत. मग भाषा पाहावी आणि अक्षमतेचा विचार त्यानंतरच करावा.

चूळपंथकाची कथा आपल्यापैकी अनेकांनी विहारात ऐकली असेल. थोरल्या भावाने दिलेली एक गाथा त्याला चार महिन्यांत पाठ झाली नाही, म्हणून भावानेच त्याला संघातून निघून जायला सांगितले. भगवंतांनी त्याला दुसरी, सोपी गाथा दिली नाही. पांढरे स्वच्छ वस्त्र हाती दिले, ते चोळत राहण्यास सांगितले आणि सोबत एकच शब्द दिला. वस्त्र मळत गेले, तसे त्याला अनित्य उमगले. पुढच्या चमत्कारांपेक्षा मला हाताला दिलेले ते काम मोलाचे वाटते. शिकणारा तोच राहिला होता, शिकण्याची वाट बदलली होती.

वर्गातही बहुधा एवढेच करायचे असते. भ आणि म एकाच आठवड्यात शिकवू नयेत. एक पक्के झाल्यावर दुसरे घ्यावे. थाळीत वाळू पसरून अक्षर बोटाने गिरवून घ्यावे आणि गिरवताना त्याचा उच्चार मोठ्याने करवावा. पुठ्ठ्याला खाच पाडून पानावरची एकच ओळ दिसेल असे करावे. फळ्यावरून उतरवण्याऐवजी मजकूर बाकावर ठेवावा. दहा शब्दांऐवजी चार द्यावेत, आणि परिसर अभ्यासाचे उत्तर तोंडी घ्यावे, कारण तेथे परीक्षा शुद्धलेखनाची नसते. पूर्वसूचना न देता अशा मुलाला सर्वांसमोर वाचायला उभे करू नये. माझ्या मते ही शिक्षा छडीपेक्षाही कठोर आहे.

निवासी शाळेत आणखी एक प्रश्न असतो. सहा-सात वर्षांच्या मुलाला संध्याकाळी आईच्या कुशीत शिरता येत नाही. वर्गात दिवसभर हरलेले मूल रात्री अंथरूण ओले करते, जेवणावर रुसते किंवा भांडते. आणि अधीक्षकांना त्याचे कारण ठाऊक नसते. वर्गशिक्षक आणि अधीक्षक यांनी आठवड्यातून एकदा दहा मिनिटे बोलावे. वरच्या इयत्तेतील एखाद्या दादाने रोज त्याला गोष्ट वाचून दाखवावी. वाचून घेऊ नये, दाखवावी.

2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत. 1995 च्या कायद्यात ते सात होते. अध्ययन अक्षमता त्यात नव्याने आली आणि ती लवकर ओळखणे हे शाळेचे काम मानले गेले. दहावीच्या परीक्षेत अशा मुलांना सवलती देण्यास महाराष्ट्राने 1996 मध्येच सुरुवात केली होती. जादा वेळ आणि लेखनिक या त्यांतल्या प्रमुख. मात्र त्यासाठी प्रमाणपत्र लागते. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात ही तपासणी होते. ती एका फेरीत संपत नाही. अटल सेतूने शिवडी जवळ आली असली, तरी प्रत्येक फेरीला पालकाची एक दिवसाची मजुरी बुडते. निश्चित निदान साधारणतः आठव्या वर्षाच्या सुमारास होते, पण वाळूच्या थाळीसाठी प्रमाणपत्राची वाट पाहावी लागत नाही.

पालकांनी तपासणीला जाताना मुलाच्या जुन्या वह्या न्याव्यात. खाडाखोड केलेल्या, लाल शाईने भरलेल्या वह्या लाजेपोटी रद्दीत देऊ नयेत. तपासणाऱ्यांना त्याच सर्वांत उपयोगी पडतात.