उतारी ज्याची, पंचाईत त्याची

कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बसवनगुडीतल्या बुल टेंपल रोडवर पाय ठेवला की पायाखाली टरफलं कुरकुरतात. कडलेकाई परिषे, म्हणजे भुईमुगाची जत्रा. शेतकरी नव्या शेंगा आधी दोड्ड बसवण्णाला, देवळातल्या त्या अवाढव्य दगडी नंदीला वाहतात आणि मग रस्ताभर ढीग मांडून बसतात. मला कन्नड येत नाही, त्यामुळे भाव बोटांवर चालला होता. ढिगामागची बाई काही बोलेना. नुसती हसून, तुम्हीच सांगा, असा हात करी. शेवटी मीच बोटं दाखवली. ती इतक्या चटकन ‘आयतु’ म्हणाली, की एक बोट कमी दाखवलं असतं तरी भागलं असतं हे मला तिथेच कळलं.

“मावशी,” भाचा कानाशी म्हणाला, “तू आउट ऑफ पोझिशन होतीस.”

हा त्याचा पोकरमधला शब्द. पोझिशन म्हणजे पाळीचा क्रम. मेंढीकोट खेळलेल्याला फार समजवावं लागत नाही. उतारी आपली असली की पान आधी आपण टाकायचं, बाकीच्यांनी ते बघून आपलं ठरवायचं. मेंढीकोटात निदान उतारीला थोडा मान असतो. पोकरमध्ये नुसती पंचाईत.

एन. आर. कॉलनीतल्या त्याच्या खोलीवर शेंगा फोडत त्याने लॅपटॉप उघडला. खोटी टोकनं, खरे पत्ते. टेक्सस होल्डेममध्ये प्रत्येकाला दोन झाकली पानं मिळतात आणि मध्ये सगळ्यांची मिळून पाच पानं उघडतात: आधी तीन, मग एक, मग आणखी एक. दर टप्प्याला बोली. ‘बटन’ नावाची चकती ज्याच्यापुढे असते, तो मधली पानं उघडू लागल्यावर प्रत्येक फेरीत सगळ्यांत शेवटी बोलतो. त्याच्या लगेच डावीकडे स्मॉल ब्लाइंड, म्हणजे पानं बघण्याआधीच सक्तीची छोटी रक्कम लावणारा. त्याने मात्र सगळ्यांत आधी तोंड उघडायचं.

आम्ही स्मॉल ब्लाइंड होतो. हातात बदामची अठ्ठी आणि सत्ती. मध्ये उघडली बदाम राणी, बदाम तिर्री आणि इस्पिक राजा. म्हणजे चार बदाम झाले, पाचवा आला की फ्लश. आज हातात काही नाही, उद्या कदाचित सगळं. याला ‘ड्रॉ’ म्हणतात. मला ती न फोडलेली शेंग वाटली; दाणा असेल, नाहीतर फोल.

या खोलीपासून जवळच, बुल टेंपल रोडवर, कन्नड लेखक डी. व्ही. गुंडप्पांनी १९४५ मध्ये स्थापन केलेली गोखले इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक अफेअर्स आहे. नाव आपल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांचं. गोखल्यांनी शाळेसाठी अंकगणिताचं पुस्तक केलं होतं, आणि आमचा पुढचा हिशेबही शाळेतल्या अंकगणितापलीकडचा नव्हता. न दिसलेली पानं ४७, त्यांत बदाम ९. पुढचंच पान बदाम निघण्याची शक्यता शेकडा १९. उरलेल्या दोन्ही पानांत मिळून ३५. पॉटमध्ये, म्हणजे मध्ये जमलेल्या ढिगात, १०० टोकनं होती. आम्ही चेक केलं, म्हणजे काही न लावता पाळी पुढे सरकवली, आणि बटनवाल्याने ५० लावले. ५० टाकून आम्ही एकूण २०० मधला वाटा मागणार, म्हणजे शेकडा २५ ची शक्यता पुरे. आपल्याकडे ३५ आहे.

“स्वस्त आहे की,” मी म्हणाले.

“इथेच सगळे बुडतात,” भाचा म्हणाला. ३५ हा आकडा दोन पानांचा आणि ५० हा भाव एकाच पानाचा. ते पान फोल निघालं की पुन्हा आधी बोलायचं आपणच. आपण चेक करणार, तो पुन्हा लावणार, समजा १००. आता शेवटच्या एका पानासाठी शेकडा २५ हवेत आणि आपल्याकडे २० सुद्धा नाहीत. बरं, बदाम आलाच तर? आपण रक्कम लावली की मधले तीन बदाम त्यालाही दिसतात, तो पानं टाकून मोकळा. लपवून चेक केलं तर तोही चेक करतो. तोट्याला दार उघडं, नफ्याला अर्धं बंद. हीच अठ्ठी-सत्ती बटनवर असती तर? समोरच्याने चेक केल्यावर आपणही चेक करायचं आणि पुढचं पान फुकट बघायचं. पानं तीच, नऊ बदाम तेच. खुर्ची बदलली की किंमत बदलली!

ही नुसती खेळाडूंची कुरकुर असेल असं मला वाटत होतं. पण २०१५ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात मायकेल बोलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोघांचा, ठरावीक बोलीचा होल्डेम संगणकावर जवळजवळ शेवटपर्यंत सोडवला. दोन्ही बाजूंनी अचूक खेळ झाला तरी डीलर, म्हणजे नंतर बोलणारा, पुढे राहतो, शंभर डावांमागे साधारण नऊ बिग ब्लाइंडांनी (बिग ब्लाइंड म्हणजे डावाच्या सुरुवातीची सक्तीची मोठी रक्कम). खेळाडू सारखे, पत्ते सारखे. उशिरा बोलण्याची किंमत कोणीतरी खरोखर मोजली आहे, या गोष्टीने मला त्या रात्री झोप लागली नाही.

मग आधी बोलणाऱ्याने करायचं काय? बहुतेक वेळा अशी पानं सुरुवातीलाच टाकून द्यायची. पण एक देखणा उपाय आहे: चेक करायचं, त्याला लावू द्यायचं आणि मग एकदम चढवायचं. डेव्हिड स्क्लान्स्की या अमेरिकन लेखकाने याला सेमी-ब्लफ म्हटलं. आपण अर्धी थाप म्हणू. समजा आपल्यापुढे १६० टोकनंच आहेत आणि ती सगळी लोटली. हातात अगदी शून्य असतं, तर ही थाप परवडायला समोरच्याने शंभरातून ५२ वेळा तरी पळायला हवं. चार बदाम असतील तर? शंभरातून नऊ वेळा पळाला तरी पुरतं, कारण तो थांबला तरी ३५ वेळा आपणच जिंकतो. मी कागदावर दोनदा करून पाहिलं. खरंच नऊ!

खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हे भांडण या शहराला नवं नाही. बंगळूरला छापल्या जाणाऱ्या ‘स्पोर्टिंग स्टार’ या साप्ताहिकातली बक्षिसाची शब्दकोडी तेव्हाच्या मुंबई राज्यात भरपूर खपत. मुंबई सरकारने त्यांवर कर लावला, आणि ही कोडी कौशल्याची की जुगार या भांडणातून निघालेले सर्वोच्च न्यायालयाचे १९५७ चे चमारबागवाला निकाल आजही अशा प्रत्येक खटल्यात काढले जातात. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर कर्नाटकाने २०२१ मध्ये घातलेली बंदी १४ फेब्रुवारी २०२२ ला उच्च न्यायालयाने रद्द केली. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राच्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ देशभर बंद केले. त्याचं मला वाईट वाटत नाही, घरं बुडालेली पाहिली आहेत. भाचाही आता खोट्या टोकनांवर खेळतो आणि म्हणतो, गणित तेवढंच गोड लागतं.

आमचा डाव तसाच उघडा होता. समोरच्याचे ५० लागलेले. “लोट,” मी म्हणाले. भाच्याने १६० लोटली. पडद्यावरचं घड्याळ सरकत राहिलं. मी एक शेंग हातात धरून बसले, फोडली नाही. समोरच्याने पानं टाकली.

“पुढचं पान काय होतं?”

“ते दाखवत नाहीत, मावशी,” तो म्हणाला आणि नवा डाव वाटला गेला.